आपल्या आवडीचा कैवार

थोर गवयाची स्तुती करणाऱ्याजवळ कोणी अधिकारपत्र मागत नाही. मैफलीत मान डोलावून ‘वाहवा’ म्हणणाऱ्या गृहस्थास शेजारी बसलेला मनुष्य असे कधीही विचारीत नाही की, ‘आपले गाण्याचे शिक्षण कोणाजवळ झाले?’ परंतु तोच गृहस्थ मैफल संपल्यावर जोडे घालता घालता ‘आज मारवा काही साधला नाही’ एवढे पाच शब्द बोलून गेला, की त्याच्या शिक्षणाची, कानाची, आणि प्रसंगी कुळाचीही चौकशी सुरू होते. ‘तुम्हांस स्वतःस चार सूर तरी लावता येतात काय?’ हा प्रश्न तर ठेवलेलाच असतो. होकार देण्यास पात्रता लागत नाही, नकार देण्यास मात्र लागते, असा हा विलक्षण कायदा आहे. आणि सुशिक्षित घरांतून तो जितक्या कडकपणे पाळला जातो तितका इतरत्र क्वचितच पाळला जात असेल. ध्वनिमुद्रिकांची परीक्षणे लिहिण्याचे काम पत्करल्यापासून या कायद्याशी आमची वारंवार गाठ पडली आहे. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहावे असे मनात आले.

आम्ही राहतो मानपाड्यास. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरही एक मानपाडा आहे. तो आमचा नव्हे. आमचा मानपाडा डोंबिवलीचा. गावाच्या पूर्व भागातून निघालेला मानपाडा रस्ता कल्याण-शिळ रस्त्याकडे जातो, त्या बाजूस आमचे बिऱ्हाड आहे. दिवसभर येथे वाहनांचा गलबला इतका असतो की, तंबोऱ्याचा षड्ज म्हणून जो काही असतो तो रात्री साडेनवाच्या पुढेच कानी पडावयाचा. तरी या गावास पुस्तकांचे आणि गाण्याचे वेड आहे. 2017 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच भरले होते. आठवड्याचे सहा दिवस लोकलगाडीत उभ्याने मुंबई गाठणारी माणसे सातव्या दिवशी पाय पसरून झोपतील असे कोणास वाटेल. पण त्यांतलीच पाचसात कुटुंबे महिन्यातून एका रविवारी रात्री आमच्या घरी जमतात. एक तबकडी लावावयाची, ती संपेपर्यंत कोणी बोलावयाचे नाही, मग चहा, आणि चहानंतर वाद, असा आमचा परिपाठ आहे. तरुण मंडळी म्हणतात, ‘हे सारे मोबाइलवर मिळते.’ मिळते हे खरे; पण तबकडी उलटावयास उठावे लागते, आणि तेवढ्या वेळात मनुष्य आपण काय ऐकले याचा विचार करतो, असा आमचा अनुभव आहे.

काही महिन्यांपूर्वी आम्ही कुमार गंधर्वांच्या ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या मुद्रिकेचे परीक्षण लिहिले. मुद्रिका जुनी आहे. परंतु जुन्या मुद्रिका नव्याने ऐकून त्यांविषयी लिहावे अशीच आमच्या सदराची योजना आहे. या परीक्षणात आम्ही जे लिहिले त्याचा सारांश असा: बालगंधर्वांच्या गाण्यात पदाचा शब्द आणि स्वर एकमेकांना धरून, न तुटता, एका ओघात पुढे जातात. कोठे जोर केल्याचे दिसत नाही. तान संपली हेही ती संपून गेल्यावर ध्यानात येते. कुमारांचा स्वभाव याच्या उलट आहे. त्यांचा स्वर शांततेतून एकदम उसळतो, लखकन चमकतो आणि विरून जातो. पुन्हा शांतता, पुन्हा चमक. निर्गुणी भजनांत याच गुणाने ते आम्हांस कोणाहीपेक्षा श्रेष्ठ वाटतात. परंतु गंधर्वांच्या पदांत ही चमक पदाचा ओघ मधूनमधून छेदून जाते, आणि जेथे माया हवी तेथे धार येते. सबब ही मुद्रिका कुमारांची म्हणून मोलाची असली तरी आमच्या आवडीची नाही, असे आम्ही लिहिले होते.

अंक प्रसिद्ध झाल्यावर आमचे एक वृद्ध स्नेही आमच्याकडे आले. वय नव्वदीस टेकलेले. काठी टेकीत दोन मजले चढून आले. त्यांनी कुमारांस तरुणपणी, आजारातून उठून पुन्हा गाऊ लागल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत, समोर बसून ऐकलेले आहे. अंक त्यांनी टेबलावर उपडा ठेवला. आमच्या घरात त्यांनी अंक असा कधी ठेवला नव्हता.

“हे तुम्ही लिहिलेत?” त्यांनी विचारले.

“आम्हीच लिहिले.”

“अहो, त्या माणसाने पाच वर्षे देवासला अंथरुणावर काढली. क्षय झालेला. गाऊ नका म्हणून डॉक्टरांनी बजावलेले. ओघ तुटतो म्हणता. तो श्वास त्यांनी कोठून परत आणला आहे याचा काही विचार? तुम्ही तबकडी ऐकता. मी माणूस ऐकतो.”

हे उत्तर हलके नव्हे. तीस वर्षांचा स्नेह असलेला मनुष्य इतक्या कळकळीने बोलतो तेव्हा त्यास युक्तिवादाने गप्प करणे शोभत नाही. आम्ही त्यांस चहा दिला. तो त्यांनी घेतला. पण पुढील दोन महिने ते रविवारच्या बैठकीस आले नाहीत. त्यांची कोपऱ्यातील खुर्ची कोणी घेतली नाही. मंडळी तबकडी ऐकत, आणि वाद आरंभ होण्याच्या वेळी सगळ्यांची नजर त्या खुर्चीकडे जाई. एका परीक्षणाची ही किंमत आम्हांस थोडी वाटली नाही. म्हणून त्यांच्या म्हणण्याचा आम्ही मनाशी पुष्कळ विचार केला. तो येथे मांडतो.

कुमारांचा इतिहास आम्हांस ठाऊक आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे 1924 साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा बालवयातच नामांकित गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. त्या वयातच त्यास ‘कुमार गंधर्व’ हे नाव मिळाले. पुढे मुंबईस प्रो. बी. आर. देवधर यांच्याजवळ शिक्षण झाले. 1947 च्या सुमारास क्षयाने गाठले. 1948 साली कोरड्या हवेसाठी ते देवासला गेले. त्या वेळी नव्यानेच मिळू लागलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने त्यांना वाचविले, आणि पाचसहा वर्षांच्या मौनानंतर ते पुन्हा गाऊ लागले. फुप्फुस पहिल्यासारखे उरले नव्हते. लहान लहान स्वरसमूहांतून राग उभा करण्याची जी रीत त्यांनी सिद्ध केली तिच्या मुळाशी हा आजार कितपत होता, यावर जाणत्यांनी पुष्कळ चर्चा केली आहे. हा इतिहास ऐकताना आमचेही डोळे ओलावतात. पण डोळ्यांनी दिलेला कौल कानाच्या नावावर मांडणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कलावंताने काय सोसले हे जाणून त्याच्याविषयी आदर वाढावा. त्याची अमुक कृती आपणांस भावली की नाही याचे उत्तर मात्र ती कृतीच देईल. शिवाय सारे काही आजाराच्या खात्यावर टाकणे यात त्या थोर पुरुषाचा एक प्रकारे उपमर्दच आहे. ते असे गात ते असे गावे असे त्यांस वाटे म्हणून. त्यांनी जे मनापासून निवडले त्यास सवलतीचे गुण कशाला?

आणि येथेच त्या मुद्रिकेच्या नावाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. बालपणी कोणाचीही हुबेहूब नक्कल करू शकणारा हा गायक. त्यास बालगंधर्वांची नक्कल करणे अवघड होते असे कोण म्हणेल? तरी त्यांनी ती केली नाही. ‘बालगंधर्वांची पदे’ असे सरळ नावही दिले नाही. ‘मला उमजलेले’ असे म्हटले. ज्या बालगंधर्वांस महाराष्ट्र जवळजवळ दैवत मानीत आला, 1911 चे ‘मानापमान’ आणि 1916 चे ‘स्वयंवर’ ज्यांच्या गाण्याने घरोघरी पोहोचले, थिरकवांसारखा तबलजी ज्यांच्या साथीस बसे, त्यांच्यासमोर उभे राहून हा मनुष्य म्हणतो, ‘मला जे उमजले ते हे.’ यात उर्मटपणा नाही आणि लाचारीही नाही. दुसऱ्यास दुसरे काही उमजेल ही मोकळीक त्या एका ‘मला’ने दिली आहे. आमचे स्नेही म्हणतील, ‘मग त्यांनी मला म्हटल्यावर तुम्ही दोष काढण्याचे कारण काय?’ आमचे म्हणणे असे की, जो ‘मला’ त्यांस गावयाचा अधिकार देतो तोच आम्हांस ऐकण्याचा अधिकार देतो. कुमारांस उमजलेले गंधर्व असतील, तर आम्हांस उमजलेले कुमार का नसावेत?

आता ‘तुम्हांस गाता येते काय?’ या प्रश्नाकडे वळू. या प्रश्नाचे उत्तर केशवराव भोळे यांच्या उदाहरणात मिळते. भोळे स्वतः गात. ‘संत तुकाराम’ (1936) आणि ‘कुंकू’ (1937) या प्रभातच्या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. त्यांना सूर लावता येत नाही असे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. त्या काळच्या नामांकित गायकांवर त्यांनी जे परखड लेख लिहिले ते मात्र टोपणनावाने. याचे कारण काहीही असो. गाता येणे हा परवाना पुरेसा असता तर टोपणनावाची सोय कोणास लागली नसती. तात्पर्य, हा प्रश्न पात्रतेचा नसतोच. तो नकाराविषयीच्या नाराजीचा असतो.

याच्या अगदी उलट बाजूने येणारा दुसरा एक पक्ष आहे, आणि तो आम्हांस अधिक घातक वाटतो. हा पक्ष म्हणतो, ‘आवड ज्याची त्याची. एकास गोड आवडते, दुसऱ्यास तिखट. त्यावर लिहावयाचे काय?’ वरवर हे फार उदार वाटते. परंतु याचा अर्थ असा होतो की, आवडीविषयी कोणी कोणास काही सांगूच शकत नाही. सर्वांनी आपापल्या घरी गप्प बसावे. आमच्या पूर्वजांचे मत असे नव्हते. अभिनवगुप्तांनी ज्यास सहृदय म्हटले तो काही जन्मतःच तसा नसतो. काव्याच्या सतत परिशीलनाने त्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झालेला असतो. म्हणजे आवड घडवावी लागते. आणि जी घडवावी लागते ती कशी घडली हे दुसऱ्यास सांगताही येते. कालिदासानेही ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत आपले नवे नाटक पुढे करताना प्रेक्षकांस हेच सुचविले आहे की, शहाण्याने पारखून निवड करावी, दुसऱ्याच्या मतावर चालणे हे मूढाचे लक्षण. त्याने काही नाव झालेल्या नाटककारांची निंदा केली नाही. केवळ आपला कान आणि डोळा वापरा एवढेच म्हटले.

वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक 1961 साली निघाले. त्यात त्यांनी निरनिराळी घराणी स्वर आणि लय या दोन टोकांच्या दरम्यान मांडली. किराणा स्वराच्या टोकास, आग्रा लयीच्या टोकास, आणि दोहोंचा समतोल साधणारे जयपूर मध्ये. आता वामनराव मोगूबाई कुर्डीकरांचे शिष्य, म्हणजे जयपूरचेच. त्यांच्या मांडणीत त्यांची आवड बोलते असा आक्षेप घेणे अगदी सोपे आहे, आणि तो अगदीच निराधारही नाही. पण आम्ही म्हणतो, त्यांची आवड पानावर उघडी आहे म्हणूनच ते पुस्तक इतके उपयोगी पडते. लेखक कोठे उभा आहे हे कळले की, त्यास जे जवळ दिसते ते किती जवळ आणि दूर दिसते ते किती दूर, याचा हिशेब वाचकास स्वतः करता येतो. किराण्याच्या भक्तानेही ते वाचावे आणि पट्टी आपल्या बाजूने धरून पाहावी. जो परीक्षक आपली आवड लपवून निःपक्षपातीपणाचा आव आणतो त्याच्याबाबत मात्र वाचकास असा कोणताच हिशेब करता येत नाही.

आवडीने काय साधते याचे एक उदाहरण तर पृथ्वीच्या बाहेरचे आहे. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे आणि तीत साऱ्या पृथ्वीवरील संगीताचे सत्तावीस नमुने आहेत. भारताच्या वाट्यास त्यांतील एकच आला: गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी. ही निवड काही मतमोजणीने झाली नाही. रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीताभ्यासकास ती तबकडी सर्वांत मोलाची वाटत होती, आणि कार्ल सेगन यांच्या मंडळास त्याने ती सुचविली. अब्दुल करीम खाँचे चाहते यावर रागावू शकतात. त्यांच्या रागास कारणही देता येईल. परंतु कोणीतरी एकाने ‘मला ही’ असे निश्चयाने म्हटले नसते, तर आपल्याकडील गाणे कदाचित गेलेच नसते. एका होकारात अनेक नकार दडलेले असतात, हे आपण विसरतो. ब्राउनसाहेबांनी केसरबाईंस होकार दिला तेव्हा बाकी सर्वांस नकारच दिला होता. फक्त तो कोणास ऐकू आला नाही.

तथापि आवडीचा कैवार घ्यावयाचा म्हणजे मनास येईल ते लिहावयाचे असा अर्थ कोणी करू नये. थोरांवर चिखल उडविला की आपण उंच दिसतो असे मानणारेही लेखक आहेत; त्यांची आमची गल्लत होऊ नये. आम्ही स्वतःपुरते काही नियम ठरविले आहेत. तीनदा ऐकल्यावाचून एक ओळ लिहावयाची नाही. नकार लिहावयाचा असेल तर सहादा. नकाराची जागा दाखवावयाची: कोणत्या बाजूस, कोणत्या ओळीत, कितव्या आवर्तनात आपणांस खटकले हे वाचकास सांगावयाचे. आपल्या कानाची सवय कोणत्या गाण्यावर झाली आहे तेही सांगावयाचे. आणि मुद्रिकेविषयी लिहावयाचे, मनुष्याविषयी नव्हे. अल्लादिया खाँसाहेबांनी 1946 पर्यंतच्या आपल्या दीर्घ आयुष्यात एकही तबकडी दिली नाही. म्हणून त्यांचे थोरपण उणे झाले काय? जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. ज्या गवयास एक स्वर आळवावयास तीन मिनिटे लागत त्याने त्या तीन मिनिटांत अख्खा राग कोंबला, तर त्यात काही सांडणारच. सांडले ते दाखविणे म्हणजे गवयाची निंदा नव्हे.

मैफल आणि मुद्रिका यांत परीक्षकाच्या दृष्टीने मोठा भेद आहे. मैफलीविषयी आम्ही काही लिहिले तर जो तेथे नव्हता त्यास ते मुकाट्याने मानावे लागते. मुद्रिकेचे तसे नाही. आम्ही ज्या जागी बोट ठेवले तीच जागा मानपाड्यातला, मिरजेतला किंवा इंदूरचा वाचक आपल्या घरी पुन्हा ऐकू शकतो आणि म्हणू शकतो, ‘तुमचे म्हणणे मला पटत नाही.’ मुद्रिकेच्या परीक्षकाची आवड म्हणूनच बेजबाबदार राहू शकत नाही. दर महिन्यास वाचक ती तपासून पाहतो. एवढी तपासणी असताना आणखी पात्रतेचे दाखले कशास हवेत, हे आम्हांस कळत नाही.

या सर्वांत आम्हांस सर्वांत अधिक काळजी वाटते ती मुलांची. आमच्या त्या वृद्ध स्नेह्यांची चौदा वर्षांची नात बैठकीस येते. एका रविवारी एका अत्यंत नामांकित गायिकेची विलंबित ख्यालाची तबकडी लावली होती. ती संपल्यावर मुलगी म्हणाली, “मला मधल्या भागात कंटाळा आला.” चहूकडून तिच्यावर आवाज चढले. ‘तुला काय कळते?’, ‘त्यांनी किती तपश्चर्या केली आहे माहीत आहे का?’ इत्यादी. कोणी असे विचारले नाही की, ‘मधला भाग म्हणजे कोणता?’ वास्तविक ज्या मुलीस कंटाळा मधल्या भागात आला, तिला पहिला आणि शेवटचा भाग वेगळा ऐकू आला होता. आमच्यापैकी किती जणांनी तेवढे तरी लक्ष दिले होते? पुढच्या महिन्यात तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, “छान होते.” त्यानंतरही ती ‘छान’च म्हणत राहिली. थोरांची नावे आदराने घेण्यास ती शिकली, आणि ऐकणे तिने हळूहळू सोडले. आपल्या सुशिक्षित घरांतून संगीताचे भक्त पुष्कळ आणि श्रोते थोडे का, याचा शोध घेणाऱ्याने फार दूर जाऊ नये.

आता आमच्या स्नेह्यांविषयी सांगावयाचे राहिले. तिसऱ्या महिन्यात ते आपण होऊन आले आणि आपल्या खुर्चीत बसले. त्यांचे मत बदललेले नाही, आमचेही नाही. मात्र आमच्या परीक्षणास उत्तर म्हणून त्याच मुद्रिकेवर ते स्वतः लेख लिहीत आहेत, आणि तो छापण्याचे संपादकांनी मान्य केले आहे. हात कापतो म्हणून ते सांगतात आणि नात लिहून घेते. परवा ती आमच्याकडे तबकडी मागावयास आली. आजोबांनी ‘येथे कुमार गंधर्वांच्याही पुढे जातात’ असे वाक्य सांगितले, तेव्हा तिने लेखणी खाली ठेवून विचारले म्हणे, “येथे म्हणजे नक्की कोठे?” आजोबांस ती जागा पुन्हा ऐकल्याशिवाय सांगता येईना. तबकडी आम्ही तिला दिली आहे. लेख पुढील अंकी येईल. वाचकांनी आमचे परीक्षण आणि तो लेख दोन्ही समोर ठेवून मुद्रिका स्वतः ऐकावी, आणि तिसरे काही उमजल्यास अवश्य कळवावे.